वाचायला चार मिनिटं

महाविद्यालयात विजेची यंत्रं शिकवणाऱ्या बाईंना मुलं मोटरबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. हे नाव अर्धं त्यांच्या विषयामुळे पडलं होतं आणि अर्धं त्यांच्या बोलण्यामुळे. बाई एकदा सुरू झाल्या की पंचावन्न मिनिटं एकाच वेगाने चालायच्या. फळ्याच्या डाव्या टोकाला सुरुवात, उजव्या टोकाला शेवट, मग डस्टर फिरवायचं आणि पुन्हा डावं टोक. ज्याचं उतरवून झालं नाही, त्याचं राहिलं. दर सोमवारी तासाच्या सुरुवातीला चाचणी. पाच प्रश्न, दहा मिनिटं, टेबलावर स्टॉपवॉच. "मोटर बंद पडली की कारखाना तुमच्यासाठी थांबत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बावीस वर्षं त्या असंच शिकवत आल्या होत्या. या बावीस वर्षांत पोरांनी त्यांच्या नावाने बोटं पुष्कळ मोडली असतील, पण त्यांच्या शिकवण्याकडे बोट कुणी दाखवलं नव्हतं.

त्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात छत्तीस वर्षांचा एक माणूस येऊन बसला. शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात तो वायरमन होता. त्याआधी दहा वर्षं जळलेल्या मोटरींना नव्याने तार भरायच्या दुकानात काढलेली. पंपघरात सुपरवायझर व्हायचं तर पदविका हवी, म्हणून पहाटेची पाळी संपवून तो कॉलेजला यायचा. वर्गातली अठरा-एकोणीसची मुलं दुसऱ्याच दिवसापासून त्याला काका म्हणू लागली. त्यानेही ते निमूटपणे घेतलं. पंधरा दिवसांत शिक्षकही त्याला काकाच म्हणायला लागले.

प्रयोगशाळेत काकाचा हात बघत राहावा असा होता. इतर मुलं जोडणीची आकृती समोर धरून एकेक वायर चाचपत लावायची. काका आकृतीकडे ढुंकूनही न बघता जोडणी पुरी करायचा आणि शेजारच्याची चूक लांबूनच सांगायचा. सोमवारच्या चाचणीत मात्र त्याला दहापैकी एक, नाहीतर दोन. कधी भोपळा. अक्षर म्हणजे मुंग्यांची वाट मोडल्यासारखं, आणि त्यातही निम्मे शब्द अर्धवट.

आणि मग प्रयोगवह्या तपासायला आल्या. काकाची वही वर्गात सगळ्यांत देखणी निघाली. ठसठशीत, गोल अक्षर, एकही खाडाखोड नाही. बाईंनी चाचणीचा कागद आणि वही शेजारी शेजारी ठेवली आणि काकाला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे अक्षर तुमचं?"

"नाही, मॅडम."

"मग कुणाचं?"

"बायकोचं. मी सांगतो, ती लिहिते."

स्टाफरूममध्ये चारजण बसले होते. एकाने हातातलं वर्तमानपत्र खाली केलं.

"तुम्ही सांगता आणि ती लिहिते," बाई म्हणाल्या. "छान. परीक्षेलाही तीच येणार का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"अक्षर तिचं आहे, मॅडम. डोकं माझंच आहे."

"ते मला कसं कळायचं?"

तो एकदा वहीकडे बघून, मान हलवून निघून गेला. बाईंनी त्याच दुपारी विभागप्रमुखांकडे लेखी अहवाल दिला, की वही स्वतः लिहिलेली नाही, सबब सत्र धरू नये, परीक्षेला बसू देऊ नये.

विभागप्रमुख सावध गृहस्थ होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती त्यांना बिनतक्रारीची घालवायची होती. ते म्हणाले, "मी सही करतो. पण त्याआधी त्याची एकदा तोंडी परीक्षा घ्या. उद्या तो वर गेला आणि म्हणाला मला काही विचारलंच नाही, तर माझी पंचाईत."

काका आठवडाभर कॉलेजात फिरकला नव्हता. निरोप गेला तेव्हा शनिवारी दुपारी आला आणि आल्या आल्या त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून पुढे केला. नाव काढून घेण्याचा अर्ज होता. तेच ठसठशीत, गोल अक्षर.

"हाही तिनेच लिहिलाय," तो म्हणाला. "आधीच सांगून टाकतो."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. अर्ज बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "बसा. तीन प्रश्न आहेत. वाचा आणि सांगा. लिहायचं काही नाही." सवयीने त्यांनी स्टॉपवॉच चालू केलं.

प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. काकाने कागद जवळ ओढला आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलायला लागले. बोट पुढे जायचं, थांबायचं, मागे यायचं. 'रोटर'चं त्याने आधी 'मोटर' वाचलं, मग वाक्य जुळेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून. कपाळावर घाम आला. बाईंना वाटलं, वेळकाढूपणा चाललाय. पण वेळकाढूपणा करणारा माणूस असा घामाघूम होत नाही, हेही त्यांना दिसत होतं. अखेर त्याने मान वर केली.

"मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. का, असंच विचारलंय ना?"

"हो."

"तिन्हींपैकी एक फेज गेलाय. आधी फ्यूज बघायचा, मग स्टार्टरची टोकं. तोवर मोटर चालू ठेवायची नाही, नाहीतर तापून जळेल. हात लावला तरी कळतं, थरथर वेगळी असते."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि आकडे कागदावर टिपले. वाचायला चार मिनिटं दहा सेकंद लागली होती. सांगायला चाळीस सेकंद.

दुसरा प्रश्न साडेतीन मिनिटं, उत्तर पन्नास सेकंद. तिसरा प्रश्न मात्र बाईंनी स्वतः वाचून दाखवला. मोटर आधी स्टारमध्ये आणि मग डेल्टामध्ये का जोडतात? काकाने डोळे मिटून ऐकलं आणि मिटल्या डोळ्यांनीच सांगितलं, "सुरुवातीला ती हावऱ्यासारखा करंट ओढते. म्हणून आधी कमी व्होल्टेजवर उठवायची, चालायला लागली की पुरं जेवू घालायचं." मग त्याला वाटलं आपण फारच घरगुती बोललो, म्हणून त्याने आकडेही सांगितले. सगळे बरोबर.

"अक्षरं नीट दिसत नाहीत का तुम्हाला? चष्मा?"

"दिसतात हो. डोळे तपासून झाले दोनदा. दिसतात, पण जागेवर राहत नाहीत. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते." त्याने कागद बाईंकडे सरकवला. "शाळेत मास्तर म्हणायचे, आळशी आहे. तेव्हापासून मीही तेच धरून चाललोय."

मोटरबाई आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या होत्या. कुणी रडून सांगितलं असतं तर कदाचित त्यांचं मन वळलं नसतं, पण कागदावर मांडलेले ते सेकंद त्यांना पुसता येईनात. त्यांनी कपाटातून जुन्या चाचण्यांचा गठ्ठा काढला. एका गणितात मोटरचा वेग चौदाशे चाळीस दिला होता. काकाने चौदाशे चार घेतला होता. उत्तर चूक, म्हणून बाईंनी लाल भोपळा दिला होता. आता त्यांनी चौदाशे चार धरून गणित सोडवून पाहिलं. पायरीन् पायरी बरोबर होती.

"हा अर्ज तूर्त माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी बाई थोरल्या बहिणीकडे जायच्या. ताईचं शिवणकामाचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. ताई शाळेत दोनदा नापास झाली तेव्हा वडिलांनी तिचा अभ्यास घ्यायचं काम धाकटीकडे दिलं होतं. ताई बारा वर्षांची, धाकटी आठ. धाकटी हातात पट्टी घेऊन समोर बसायची आणि ताई अडखळली की तिच्या बोटांवर मारायची. घरात ते कौतुकाने सांगितलं जायचं. ताईने पंधराव्या वर्षी शाळा सोडली. आता ती माणसाकडे एकदा बघून कोट बेतायची आणि तो कोट खांद्यावर चपखल बसायचा.

बाईंनी टेबलावरची मापांची वही उघडली. यापूर्वी शंभरदा समोर असलेली वही त्यांनी कधी उघडून पाहिली नव्हती. आत गिऱ्हाइकांची नावं नव्हतीच. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकेक चेहरा काढलेला होता. एक मिशीवाला, एक टकलू, एक लांब मानेची बाई. खाली कॉलरची, बाहीची चित्रं आणि आकडे.

"ताई, वाचताना तुझी अक्षरं हलायची का गं?"

ताई कापड कापत होती. तिची कात्री थांबली नाही. "हलायची काय, पळायची."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

आता कात्री थांबली. "कुणाला सांगणार? तुला? तू पट्टी घेऊन बसलेली असायचीस. मला वाटायचं सगळ्यांचीच पळतात, तुम्ही लोक पकडता आणि मला पकडता येत नाहीत."

"त्याला नाव आहे, ताई. तो मठ्ठपणा नव्हता. मेंदूची वाचायची पद्धतच वेगळी असते काहींची..."

"आता सांगतेस?" ताईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बावन्न वर्षांची झाले मी. बाबा गेले मला मठ्ठ समजूनच. त्यांना जाऊन कोण सांगणार आहे? आणि तू शिकवतेस ना कॉलेजात? इतकी वर्षं तुझ्या वर्गात माझ्यासारखं कुणी आलंच नाही का?"

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. आली असतील. दर वर्षी आली असतील. वर्षाअखेरीला नापासांच्या यादीत जाऊन गळून गेली असतील, आणि आपण म्हटलं असेल, कष्ट करायला नकोत.

"माझं चुकलं, ताई."

ताईने कात्री पुन्हा चालवली, कापड कापून संपवलं. मग म्हणाली, "बसलीच आहेस तर त्या कोटाला बटणं लाव." बाईंनी लावली. पुढचे दोन रविवार ताईने त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

महाविद्यालयात एक समुपदेशक नेमलेली होती. मागच्याच वर्षी आलेली तरुण बाई, तिसऱ्या मजल्यावर, मोडक्या बाकांच्या कोठारालगतच्या खोलीत. लिफ्ट नव्हती. सोमवारी मधल्या सुट्टीत बाई धापा टाकत वर गेल्या तेव्हा समुपदेशक गडबडून उभीच राहिली, कारण शिक्षक असे तिच्याकडे येत नसत.

बाईंनी आकड्यांचा कागद पुढे ठेवला. समुपदेशकाने तो नीट वाचला.

"तपासणी करून घेऊ या. पण प्रमाणपत्र हातात यायला तीन महिने तरी लागतील. त्याशिवाय परीक्षा विभाग जादा वेळ देणार नाही."

"परीक्षा नऊ आठवड्यांवर आहे."

"हो. पण मॅडम, प्रमाणपत्र परीक्षेला लागतं. तुमच्या वर्गात काय करायचं, त्याला कुणाचा शिक्का लागत नाही."

हे बाईंना पटलं. पण पटलं म्हणजे लगेच जमलं असं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भर वर्गात जाहीर केलं, "ज्यांना वाचायला, लिहायला, लक्ष द्यायला काही अडचण असेल त्यांनी हात वर करा. आपण सोय करू." साठ मुलं. एक हात वर गेला नाही. तीनचार माना मात्र मागे काकाकडे वळल्या. काका खिडकीबाहेर बघत बसला.

"हात वर करायला लावलंत?" समुपदेशकाने कपाळाला हात लावला. "अहो, जन्मभर जे लपवलं ते साठजणांसमोर कोण दाखवील? सोय अशी करायची की ती मागावीच लागू नये. सगळ्यांनाच द्या. ज्याला हवी तो घेईल."

मग बाई कामाला लागल्या. नव्या शिक्षिकेसारख्या, रोज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कॉलेजात बसून. उद्याच्या तासाच्या टिपणांचे कागद आदल्या दिवशीच वर्गात ठेवू लागल्या. मोठं अक्षर, सुट्या ओळी, एका वाक्यात एकच गोष्ट. जुने प्रश्न त्यांनी स्वतः मोठ्याने वाचून पाहिले तेव्हा काही ठिकाणी त्यांचाच श्वास संपला. एक प्रश्न तर सात ओळींचा होता आणि त्यात विचारलेली गोष्ट एकच होती. बाईंनी तो मोडून तीन ओळींवर आणला. तास ध्वनिमुद्रित करून ठेवू लागल्या. सोमवारची चाचणी राहिली, पण पूर्ण तास मिळू लागला, आणि सुरुवातीला बाई सगळे प्रश्न वाचून दाखवू लागल्या. उत्तर लिहून द्या, आकृती काढून द्या, नाहीतर यंत्रापाशी येऊन सांगा. प्रश्न सोपे मात्र केले नाहीत. उलट थोडे अवघड केले, कारण आता वेळ होता.

सगळ्यांत कठीण गेलं ते हळू बोलणं. दहा मिनिटं जमायचं, मग मोटर पुन्हा वेग घ्यायची. तेव्हा पुढच्या बाकावरची मुलं हाताने खाली-खाली अशी खूण करू लागली. बाईंनीच तशी परवानगी दिली होती.

तिसऱ्या आठवड्यात टेबलावर एक चिठ्ठी सापडली. सहीबिही काही नाही. 'डावीकडची दुसरी ट्यूब गुणगुणते. मला तिच्याशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही. बदलता येईल का?' बाईंनी ट्यूबखाली उभं राहून कान टवकारले. काही नाही. काकाला विचारलं.

"आहे की," तो म्हणाला. "चोक सैल झालाय. सगळ्यांना ऐकू येत नाही. मला येतो, पण मला पंपघराची सवय." आणि त्याने शिडी आणून पाच मिनिटांत चोक बदलला.

मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. ती कानात कापूस घालून यायची आणि नाव पुकारलं की दचकायची. बाईंनी तिला उद्धट म्हणून सोडून दिलं होतं. चोक बदलल्यावर आठवडाभराने तिने कापूस आणायचं बंद केलं. ती बोलत अशी नव्हतीच. पण चाचणीच्या कागदावर इतक्या बारकाईने लिहायची की बाईंना तपासताना पेन्सिल घेऊन बसावं लागायचं. चिठ्ठी तिची होती का, हे बाईंनी कधी विचारलं नाही.

या सगळ्याचा बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. विभागाच्या बैठकीत तो विषय निघालाच.

"सगळ्यांनाच पोटभर वेळ दिला तर हुशार कोण आणि ढ कोण, कळणार कसं?" विभागप्रमुख म्हणाले.

"सर, भराभर वाचतो कोण, एवढंच मी बावीस वर्षं मोजत होते आणि त्याला मोटरचं ज्ञान म्हणत होते."

वर्तमानपत्रवाले सहकारी म्हणाले, "उद्या कुणी म्हणेल मला गणित जमत नाही, गणित काढून टाका. काढणार?"

"गणित अभ्यासक्रमात आहे. ते मी काढलेलं नाही. भराभर वाचणं अभ्यासक्रमात कुठे लिहिलंय तेवढं दाखवा, म्हणजे मी उद्यापासून तेही शिकवायला घेते."

कुणी दाखवलं नाही. पटलं सगळ्यांना असंही नाही. दोघांनी टिपणांच्या कागदांची पद्धत विचारून घेतली, बाकीचे चहा पिऊन उठले. विभागप्रमुखांनी मधला रस्ता काढला. वहीबद्दलचा अहवाल मागे घ्यायचा असेल तर लेखी घ्या म्हणाले.

बाईंनी लेखी घेतला. पण तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, ते चौघेही बसलेले असताना, त्यांनी काकाला स्टाफरूममध्ये बोलावलं. तो दारातच थबकला. मागच्या वेळची आठवण ताजी असावी.

"आत या. त्या दिवशी मी इथे, या सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. माझी चूक झाली. वही तुमचीच आहे."

काकाने मान खाजवली. "ठीक आहे, मॅडम." मग जरा घुटमळून म्हणाला, "हे तेवढं फोनवर बायकोला सांगाल का? माझ्यापेक्षा तीच जास्त चिडलीय."

बाईंनी फोन घेतला. पलीकडची बाई शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. माझ्याही हाताला पुढच्या सत्राची वही लिहायला जोर येईल."

परीक्षा आली. प्रमाणपत्र आलं नव्हतं. काका सगळ्यांसारखाच तीन तासांच्या परीक्षेला बसला. प्रात्यक्षिकात त्याला शंभरपैकी ब्याण्णव मिळाले. लेखीत चौतीस. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागत. शेवटचे दोन प्रश्न त्याचे वाचूनच झाले नव्हते. मागच्या बाकावरची मुलगी वर्गात दुसरी आली. निकालाच्या फळ्यासमोर बाई उभ्या होत्या, पण त्या आनंदाला काही गोडी नव्हती.

"सहा मार्क," काका म्हणाला. "एक प्रश्न अजून वाचता आला असता तर..." त्याने फळ्याकडे पाठ केली. "मॅडम, तुम्ही खूप केलंत. आता पुरे. पंपघरात माझं काही अडलेलं नाही."

"माझं अडलंय," बाई म्हणाल्या. "तीन महिन्यांनी फेरपरीक्षा आहे. तोवर प्रमाणपत्र येईल. मग तुमची मर्जी."

प्रमाणपत्र निकालानंतर अकराव्या दिवशी आलं. तासाला वीस मिनिटं जादा, आणि प्रश्न वाचून दाखवायला व सांगितलेलं उत्तर लिहायला एक लेखनिक. फक्त लेखनिक त्याच विषयाचा नको, म्हणजे बाई बाद. घरचं माणूसही नको, म्हणजे बायकोही बाद. समुपदेशकाने चार दारं ठोठावली आणि शेवटी इतिहासाचे सर तयार झाले. धिप्पाड माणूस, खणखणीत आवाज. त्यांना विजेतलं बटण दाबण्यापलीकडे काही कळत नव्हतं.

बाईंनी त्यांना दोन दुपारी समोर बसवून चिन्हं वाचायला शिकवलं.

"हे नागमोडी काय?"

"रोध."

"अच्छा. मला वाटलं छपाईत सांडलंय काहीतरी."

इतिहासाच्या सरांची खोड अशी, की ते कुठलंही वाक्य लढाईच्या वर्णनासारखं वाचत. 'तीन फेजची मोटर भारावर चालू असताना' हे त्यांनी असं वाचलं की बाईंना हसू आवरेना. "सर, सपाट वाचा. तुम्ही वाचलंत की मोटर मोहिमेवर निघाल्यासारखी वाटते. कुठल्या शब्दावर जोर दिलात तर ती मदत धरतील." सर मनावर घेऊन घरीही सराव करू लागले. घरचे विचारू लागले, तब्येत बरी नाही का.

फेरपरीक्षेच्या दिवशी काका आणि सर दुसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत बसले. बाईंना तिकडे फिरकायची मनाई होती. त्या खाली प्रयोगशाळेत तास घेत होत्या आणि जिन्यावर पाऊल वाजलं की वाक्य विसरत होत्या. चार तासांनी इतिहासाचे सर खाली आले. घसा बसलेला, बोटांना शाई.

"एक प्रश्न त्याने मला पाच वेळा वाचायला लावला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला वाटलं अडकला बिचारा. पाचव्यांदा म्हणाला, सर, लिहा, प्रश्नच चुकीचा आहे. मोटरला पाच ध्रुव दिले आहेत. ध्रुव जोडीनेच असतात, पाच कधीच नसतात. चार असावेत असं धरून पुढे सोडवतो. मी म्हटलं, छापलेल्या प्रश्नाला चूक म्हणायचं? तो म्हणाला, लिहा तर खरं. लिहिलं. बरोबर केलं ना?"

बाईंनी त्यांच्या हातून प्रश्नपत्रिका जवळजवळ हिसकावूनच घेतली. तिसऱ्या प्रश्नात स्वच्छ छापलं होतं, पाच ध्रुव. फेरपरीक्षेला बसलेल्या बाकीच्या अकरा मुलांनी पाच हा आकडा सूत्रात घालून मुकाट्याने गणित सोडवलं होतं. बाईंनी त्यांना एकेकाला गाठून विचारलं, तेव्हा त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं. शंका आली असती तरी आमच्या तीन तासांत ती मांडायला फुरसत मिळाली नसती, असं एकजण म्हणाला. ते बाईंनी लिहून ठेवलं.

निकाल महिनाभराने लागला. काकाला अठ्ठावन्न मिळाले. त्याबरोबरच परीक्षा विभागाचं एक पत्र विभागात आलं. बाईंनी काकाला बोलावलं आणि ते वाचून दाखवलं. तिसऱ्या प्रश्नात ध्रुवांची संख्या चुकीची छापली गेली होती, ही बाब एका परीक्षार्थीने उत्तरपत्रिकेत निदर्शनास आणली, त्याबद्दल विभाग आभारी आहे, आणि त्या प्रश्नाचे गुण सर्वांना देण्यात आले आहेत.

काका हात मागे बांधून ऐकत होता. पत्र संपलं तरी तो जागचा हलला नाही.

"पुन्हा एकदा वाचता का, मॅडम?"

"कळलं नाही?"

"कळलं की," तो म्हणाला. "फोन लावतो. तिलाही ऐकू दे."